घशात काही अडकलेलं नाहीये, हात बाहेर काढा!

गाय लाळ गाळतेय, पाणी गिळता येत नाहीये, आवाज घोगरा करून सारखी हंबरतेय, आणि आमचे लोक काय करतात तर घशात काहीतरी अडकलंय म्हणून कोपरापर्यंत उघडा हात तोंडात घालतात!! एक जण झाला की दुसरा, मग शेजारचा अनुभवी काका, आणि एवढं सगळं उरकल्यावर मला फोन, डॉक्टर जरा येऊन बघता का. अरे बाबांनो रेबीज असू शकतो तो, लाळेतच व्हायरस असतो, हाताला एक ओरखडा असला तरी बास.

कुत्रं चावलं होतं का विचारलं की पहिलं उत्तर नाही. मग म्हातारी हळूच सांगते, महिन्यापूर्वी एक पिसाळलेलं गोठ्यात घुसलं होतं खरं. तेव्हा काय केलं? जखमेत मिरची पूड भरली न् भगताकडनं अंगारा आणला. च्यायला, साबण नव्हता घरात? पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं जखम धुवायची आणि 0, 3, 7, 14, 28 या दिवशी लस टोचायची, एवढंच तर होतं, ऐंशी हजाराच्या गाईला पाच इंजेक्शनं महाग वाटतात यांना. व्हायरस नसांमधनं हळूहळू मेंदूकडं सरकतो, आठवडे, कधी महिने लागतात, म्हणजे वेळ होता ना हातात! एकदा मेंदूला सूज येऊन लक्षणं दिसली की संपलं, साधारण दहा दिवसांत जनावर जातंच, आणि तेव्हा म्हणायचं डॉक्टर एक सलाईन लावा ना.

मेंदू सुजवणारे व्हायरस दुसरेही आहेत, मेंढ्यांकडनं येणारा एक हर्पिस आहे, त्यात कडक ताप येतो न् डोळे पांढरे पडतात. पण गावभर कुत्री मोकाट फिरतायत तर आधी रेबीजच धरा की, दरवेळी लाळ-खुरकत नाहीतर तिवा (जनावरांचा तीन दिवसांचा ताप) कसा काय असेल?

दुधाचं वेगळंच. उकळलेल्या दुधाचा धोका नसतो, तरी ते प्यायलेले घाबरून दवाखान्यात रांग लावतात आणि ज्यांनी तोंडात हात घातला ते म्हणतात मला काय होतंय.

बरं, गाय मेल्यावर मेंदूचं सॅम्पल लॅबला पाठवू म्हटलं तर गोमातेचं डोकं उघडू देणार नाही म्हणून भांडण, पुरून मोकळे. आणि आठवड्यानं तोच माणूस दारात, विम्याला रिपोर्ट पाहिजे म्हणे. आता खड्डा उकरून रिपोर्ट काढू का मी?