‘सगळं यूटीएफ-८ झालंय, आता मराठीची काळजी नको’ हे खरं नाही

नागपुरातल्या प्रोग्रामर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय असा: आता सगळीकडे यूटीएफ-८ (जगभरच्या लिप्यांची अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) आहे, लिनक्सवर चाललेलं विंडोजवर चालतंच; अक्षरं सारखी दिसली म्हणजे मजकूर सारखाच; लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) म्हणजे तारीख लिहायची पद्धत, बाकी काही नाही; आणि जुन्या फाइली ‘यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केल्या की काम झालं. नुकतीच कामाला लागलेली मुलं यावर विसंबून कोड लिहितात, म्हणून हा प्रतिवाद.

‘लिनक्सवर चाललेलं विंडोजवर चालतंच.’ वेबपानांपुरतं बोलायचं तर यूटीएफ-८ खरंच जवळपास सगळीकडे आहे. पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत, न सांगता फाइल उघडली, तर ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारतात. लिनक्स आणि मॅक यूटीएफ-८ सांगतात. भारतीय इंग्रजी सेटिंग असलेलं विंडोज मात्र १२५२ हे जुनं कोडपेज (कोणत्या बाइटाचं कोणतं अक्षर याचा तक्ता) सांगतं, आणि त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही.

हे हातानं करून बघा. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांच्या नावांच्या ११ फाइली यूटीएफ-८ मध्ये करा आणि अशा विंडोजवर एकेक वाचा. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम ही आठ नावं बिनतक्रार वाचली जातात, फक्त आत कचरा भरलेला असतो. वर्धा, चंद्रपूर आणि बुलढाणा या तिघांवर प्रोग्राम पडतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं. वर्धा आणि चंद्रपूरमधल्या हलन्ताचा (पाय मोडायच्या चिन्हाचा) शेवटचा बाइट सोळाच्या पद्धतीत ८डी, बुलढाण्यातल्या ऱ्हस्व उकाराचा ८१, आणि १२५२ च्या तक्त्यात नेमक्या या जागा रिकाम्या आहेत. झ, ए आणि ऐ यांचंही तेच.

माझ्या एका कामात तपासणीच्या फाइलीत सगळीकडे ‘नागपूर’च लिहिलेलं होतं. प्रोग्राम ती चुकीच्या कोडपेजनं वाचायचा आणि त्याच कोडपेजनं परत लिहायचा. बाइट जसेच्या तसे बाहेर यायचे, त्यामुळे तपासणी रोज पास. वर्ध्याच्या ग्राहकाकडे पहिल्याच दिवशी प्रोग्राम बंद पडला आणि दोष आम्ही त्याच्या मशीनला दिला. तो दोष आमचा होता. फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिहायचं, सिस्टिमला विचारायचं नाही, एवढंच करायला हवं होतं. जावानं २०२२ साली, १८ व्या आवृत्तीत, यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग धरलं. पायथनमध्ये ते ३.१५ पासून ठरलं आहे. तोवर, आणि जुन्या आवृत्त्या ग्राहकांकडे आहेत तोवर, ही ओळ लिहावीच लागेल.

एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली मजकूर-फाइल) देताना सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे ‘ही फाइल यूटीएफ-८ आहे’ सांगणाऱ्या खुणेचे, तीन बाइट घाला, नाहीतर डबल-क्लिक केल्यावर मराठीचा चुराडा दिसतो. मात्र तेच तीन बाइट लिनक्सच्या शेल स्क्रिप्टला (आज्ञांच्या फाइलीला) चालत नाहीत.

‘सारखं दिसतं म्हणजे सारखंच.’ मराठीत तर हे अजिबात धरून चालू नका. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ एकाच कोडचा असू शकतो, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन कोडांचा. तिसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच, शोधताना तीन वेगळे शब्द. युनिकोड या अक्षरांना कोड देणाऱ्या मानकाचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे रूपं एकसारखी करायची पद्धत, पहिले दोन एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही. तिसऱ्यासाठीचा नियम आपणच लिहायचा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम तर फाइलच्या नावातला ऱ स्वतःहून फोडून ठेवायची. ती फाइल लिनक्सवर आणली की नावानं सापडत नसे.

‘लोकेल म्हणजे तारीख.’ ब्राउझरमध्ये मराठी लोकेल देऊन सव्वा लाखाचा आकडा छापा: ‘१,२५,०००’ असा देवनागरीत येतो. हिंदी लोकेल दिलं तर इंग्रजी अंक येतात. आपल्याकडे पुष्कळदा हिंदीत तपासून ‘मराठीतही चालेल’ असं गृहीत धरतात, आणि मग जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानायला नकार देतं. दाखवायचा आकडा लोकेलनं बनवा; साठवायचा, पाठवायचा किंवा डेटाबेसच्या क्वेरीत घालायचा आकडा कधीही नाही.

क्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, युनिकोडच्या कोडांमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. नुसते कोड पाहून लावलेल्या यादीत ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येतात; मराठी क्रमात उलट हवं. हा क्रम सिस्टिमवर सोडला की तिच्याबरोबर तो बदलतो. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीनं क्रमाचे नियम बदलले, तेव्हा त्यावर विसंबलेले पोस्टग्रेस डेटाबेसचे इंडेक्स (क्रमानं लावलेल्या शोधसूच्या) चुकीचे ठरले आणि पुन्हा बांधावे लागले.

‘जुनी फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करा.’ डीटीपीवाल्यांकडच्या श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांच्या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, त्यावर फॉन्ट देवनागरी आकार चढवतो. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलं तरी आत तेच कोड राहतात. त्या फॉन्टचा तक्ता घेऊन एकेक चिन्ह बदलावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी तिथं अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, तेही जागेवर आणावे लागतात. अशी बदललेली फाइल छापून, मूळ कागदाशेजारी ठेवून, माणसानं वाचल्याशिवाय ग्राहकाला देऊ नका.