ताप वाढला म्हणून गावची आरोग्य समिती नापास?

कोकणातल्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: गावोगावच्या आरोग्य समित्या निकामी आहेत; समिती असूनही तापाचे रुग्ण वाढतात, सभेला माणूस नसतं, समितीला वर्षाला मिळणाऱ्या 10 हजार रुपयांत काही होत नाही. त्यापेक्षा शिबिरं घ्या आणि किती लोक आले ते मोजा.

रुग्ण वाढल्याचा मुद्दा चटकन पटतो, म्हणूनच तो आधी तपासू. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये माकडताप आला; हा ताप गोचिडी चावून होतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात उतरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपली माणसं काजूच्या बागांत बिया वेचत असतात. मेलेलं माकड दिसताच कुणी आशाताईंना कळवलं, तर तेवढा भाग टाळता येतो, औषध मारता येतं. गाव जागं असेल तर अशा खबरी वाढणारच. तापाची नोंदही वाढणार, कारण एरवी अंगावर ताप काढणारे लोक रक्त तपासायला आरोग्य केंद्रात येऊ लागतात. भातलावणीच्या दिवसांत येणाऱ्या लेप्टो तापाचंही (लेप्टोस्पायरोसिस) तेच. मोजायचं तर ताप आल्यावर माणूस कितव्या दिवशी केंद्रात पोचला आणि दगावले किती, हे मोजा. नोंदी वाढल्या म्हणून समितीला झोडपलंत, तर उद्या नोंदीच होणार नाहीत.

सभेला माणूस नसतं, हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पण काजूच्या हंगामात सकाळी अकराला ग्रामपंचायतीत सभा लावली, तर डोंगरावरच्या वाडीतली बाई येणार कशी? समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात. म्हणून नुसती डोकी मोजू नका. कुठल्या वाडीचं कोण आलं, बायका बोलल्या का, मागच्या ठरावाचं काय झालं, ते पाहा.

10 हजार तुटपुंजेच आहेत, वाढायलाच हवेत. पण समितीचं बळ जाब विचारण्यात आहे. 2007 पासून लोकाधारित देखरेखीत, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी आरोग्यसेवेवर लक्ष ठेवण्याच्या उपक्रमात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या (पालघर त्यातच होता) गावांनी आरोग्यसेवेची प्रगतिपुस्तकं भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवली.

शिबिरं जरूर घ्या. पण ज्यांचं बीपी तिथे वाढलेलं निघालं, त्यांच्यातल्या किती जणांच्या गोळ्या तीन महिन्यांनी चालू आहेत, हेही वाडीवार विचारा. ते विचारायला गावात समितीच लागते.