23 जातींच्या कुत्र्यांबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

‘केंद्र सरकारने 23 जातींचे कुत्रे पाळण्यावर बंदी घातली आहे, घरातला कुत्रा जमा करा, सगळ्या प्राणी संघटनांनी मिळून हे करवून घेतलं’ असा मेसेज सध्या फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो न तपासता पुढे पाठवला होता. माझी चूक झाली, माफ करा.

नंतर मूळ पत्र आणि न्यायालयाच्या निकालाची माहिती वाचली. 12 मार्च 2024 च्या त्या पत्रात केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर अशा जातींच्या आयातीवर, पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं. आधीच पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. ते जमा करा, असं कुठेही नव्हतं. शिवाय कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 रोजी ते परिपत्रकच रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता ते काढलं, हा मुख्य आक्षेप होता. मात्र तुमच्या महापालिकेचे नोंदणीचे नियम वेगळे असू शकतात, ते तिथेच विचारा.

संघटनांचं म्हणाल तर पेटा इंडियाने अशा बंदीची उघड मागणी केली होती. त्यावर टीका जरूर करा, मलाही जात बघून धोका ठरवणं पटत नाही. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवणं अन्यायाचं आहे.

घाबरून कुणी आपला कुत्रा रस्त्यावर सोडला तर? कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.