'ट्रेडिंग नको, कंटेंट करा' म्हणणारे कमिशनचं का सांगत नाहीत?

रत्नागिरी, गुहागर, मालवण, सगळीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: "क्रिप्टोत ट्रेडिंग करून पैसे घालवू नका. त्यापेक्षा क्रिप्टोवर पोस्ट लिहा, रील बनवा, टोकन कमवा. भांडवल शून्य, रिस्क शून्य, टॅक्स शून्य, ट्रेडिंगशी संबंधच नाही. चांगलं लिहिलं की मतं आपोआप मिळतात. आणि मराठीत तर कॉम्पिटिशनच नाही." पहिलं वाक्य बरोबर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुढचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून झाल्यावर आपली पोरं दिवसभर फोन घेऊन बसलेली असतात, ती हे खरं धरून चाललीयत, म्हणून एवढं लिहितोय.

आधी रिस्कचं बघू. पोस्टचे पैसे रुपयात नाही मिळत, टोकनमध्ये (क्रिप्टोच्या नाण्यात) मिळतात, म्हणजे ज्या दिवशी मोबदला मिळाला त्या दिवसापासून तुम्ही ते नाणं धरून बसलात, विकत घेतलं नसलं तरी. २०१६ साली सुरू झालेल्या स्टीमिटचंच घ्या, पोस्टला वाचकांची मतं पडली की टोकन देणारी ती साइट, लिहा आणि कमवा हा प्रकार मोठ्या प्रमाणावर तिथूनच गाजला. तिथे पोस्टचे पैसे ७ दिवसांनी ठरायचे आणि नेहमीच्या पद्धतीत त्यातला लेखकाचा अर्धा वाटा लॉक व्हायचा, तो सोडवायला घेतला की १३ आठवडे थोडा थोडा करून हातात यायचा. आता भाव बघा: जानेवारी २०१८ मध्ये ते टोकन ७ डॉलरच्या वर होतं, त्याच वर्षाच्या शेवटी अर्ध्या डॉलरच्याही खाली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने ७० टक्के माणसं कमी केली. २०२० च्या फेब्रुवारीत कंपनी जस्टिन सन या क्रिप्टो उद्योजकाकडे गेली आणि मार्चमध्ये मोठा गट फुटून हाइव्ह नावाचं तसंच वेगळं नेटवर्क झालं. रात्र रात्र जागून लिहिणाऱ्यांनी यात काय चूक केली होती? काहीच नाही, तरी त्यांची मेहनत उतरत्या भावातच मोजली गेली. आणि टोकन विकायला शेवटी कुठल्यातरी एक्स्चेंजवरच (क्रिप्टोच्या बाजारावर) न्यावं लागतं ना, तिथे २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या भारतातल्या एक्स्चेंजवर ऑनलाइन दरोडा पडला, २३ कोटी डॉलरच्या आसपास माल गेला आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. ज्यांचे अडकले त्यात ट्रेडर कोण आणि लेखक कोण हे कोणी बघितलं नाही.

'चांगलं लिहिलं की मतं मिळतात' याच्यात सुद्धा अर्धीच गोष्ट सांगितलीय. स्टीमिट काय, हाइव्ह काय, मताचं वजन ठरतं ते मत देणाऱ्याकडे किती टोकन लॉक आहेत त्यावर. गावातल्या शंभर जणांनी नवीन खाती काढून तुमचा लेख उचलून धरला तरी ते एका मोठ्या खातेदाराच्या मतापुढे टिकत नाही. मग लोक टोकन विकत घेऊन स्वतःचं वजन वाढवायचे नाहीतर पैसे देऊन बॉटची (आपोआप मत देणाऱ्या खात्यांची) मतं घ्यायचे, म्हणजे भांडवल लागलंच की. ऑगस्ट २०१९ मध्ये तर स्टीमिटवर लेखकाचा वाटा ७५ टक्क्यांवरून ५० वर आणला आणि उरलेला अर्धा मत देणाऱ्यांना.

आता मुख्य मुद्दा, आणि यासाठीच मी लिहायला बसलो. 'ट्रेडिंगशी संबंध नाही.' अरे, पैसे येतात कुठून हे कोणी विचारलं का? आजकाल जे कंटेंटचे प्रोग्राम आणि रेफरल लिंक चालतात त्यातले बरेचसे असे आहेत की तुमची पोस्ट वाचून किंवा तुमच्या लिंकवरून जो माणूस ट्रेड करतो, त्याच्या फीमधला वाटा तुम्हाला. तो फायद्यात गेला की तोट्यात याच्याशी तुमच्या कमिशनचा संबंध नाही, त्याने घेतलं की फी, विकलं की फी. आपल्याकडे आंब्याची पट्टी (विक्रीचा हिशोब) ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच कळेल, पेटीला भाव मिळो न मिळो, हमाली आणि दलाली आधी कापलेली असते. फरक एवढाच की दलाल स्वतःला दलाल म्हणतो, आणि इथे मात्र पोरांना सांगितलंय की तुम्ही क्रिएटर आहात.

आमच्या बंदरावरच्या एका पोराची रील बघितली. मागे जेट्टी, बर्फाचे क्रेट, हातात फोन, फोनवर वर जाणारा हिरवा ग्राफ, आणि शेवटी 'लिंक बायोमध्ये आहे'. खाली कमेंटमध्ये त्याच बंदरावरचा एक खलाशी विचारतोय, "दादा तुमच्या लिंकवरून टाकले, मायनस दाखवतंय, काढू की ठेवू?" आणि उत्तर, "होल्ड कर भावा". खलाशाने घेतले तेव्हा फी गेली, वैतागून काढेल तेव्हा परत जाईल, शिवाय दर विक्रीला १ टक्का टीडीएस. पोरगा वाईट नाही हो, मी त्याला लहानपणापासून ओळखतो, त्याला कोणी धड सांगितलंच नाही की त्याच्या कमाईचा रस्ता त्याच खलाशाच्या खिशातून जातो. आणि याचा परिणाम लिखाणावर होतोच. 'थांबा, आत्ता घेऊ नका' असं प्रामाणिकपणे लिहिलं तर कोणी ट्रेड करणार नाही, म्हणजे त्या पोस्टचे शून्य रुपये. 'आज घेतलं नाही तर संपलं' लिहिलं की पैसे. अशा ठिकाणी चांगला माणूससुद्धा महिनाभरात घाई करायला लावणारं लिहायला लागतो. जाहिरातींसाठी ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्याच स्वनियंत्रण संस्थेचा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे, की क्रिप्टो अनियंत्रित आणि खूप जोखमीचं आहे आणि तोटा झाला तर दाद मागायची सोय नसू शकते असं स्पष्ट लिहा. त्या रीलमध्ये असलं काही नव्हतं, आणि मेसेज पाठवणाऱ्यांनी ते पोरांना सांगितलेलंही नाही.

टॅक्स शून्य? कामाबद्दल मिळालेलं टोकन ज्या दिवशी मिळालं त्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्नच. नंतर विकताना भाव वाढलेला असेल तर त्या नफ्यावर वेगळा ३० टक्के अधिक सेस, १ एप्रिल २०२२ पासून. समजा १०,००० चं टोकन मिळालं, ठेवलं, आणि ३,००० ला विकलं, तर उत्पन्न १०,००० धरलं जाणार आणि ७,००० चा तोटा कुठेच वजा होणार नाही. 'माझं एकूण उत्पन्नच टॅक्सच्या खाली आहे' हे पण क्रिप्टोच्या नफ्याला लागू नाही, ३० टक्के पहिल्या रुपयापासून. सीएला विचारा एकदा, वर्षाच्या शेवटी नाही, सुरू करायच्या आधी.

मराठीत कॉम्पिटिशन नाही हे बऱ्याच अंशी मान्य. पण ते का नाही? कारण मराठीत टॅक्स कसा लागतो, फसवणूक कशी ओळखायची, वॉलेटची चावी (क्रिप्टो ठेवतो त्या खात्याचा गुप्त कोड) कोणाला का द्यायची नाही, हे नीट सांगणारं फार कमी आहे. हे ज्याला करायचंय त्याने जरूर करावं, पण पैसे रुपयात, बिल देऊन घ्यावेत, नाहीतर यूट्यूबच्या जाहिरातीतून. तिथे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलं जाणं लागतं, वेळ जातो, सोपं नाही, पण बघणाऱ्याने काही विकत घ्यावं म्हणून त्याच्या मागे लागावं लागत नाही. आपल्याकडची पोरं रापण, भातलावणी, गणपतीचं घर असले व्हिडिओ काढून तिथपर्यंत पोचलेली आहेतच.

आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज ग्रुपवर टाकलाय त्यांना हात जोडून सांगतो, पुढच्या वेळी त्या लिंकच्या अटींचं पान पण सोबत टाका. कमिशन कोणाच्या फीमधून आणि किती टक्के येतं ते तिथे लिहिलेलं असतं, वाचू दे सगळ्यांना.