तो फोटो ग्नॅटचा नाही

आज १४ डिसेंबर. सकाळपासून तोच फॉरवर्ड चौथ्यांदा आला. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचं नाव, खाली जोडलेले हात आणि फोटो चक्क मिग-२१ चा! ओझरला बनलेल्या मिगवर आपलं प्रेम आहेच, पण सेखों १९७१ च्या युद्धात उडाले ते ग्नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानातून. नाकाला गोल भोक आणि त्यात सुळका दिसला की ते मिग. ग्नॅटचं नाक बंद, टोकदार, आणि हवा आत घ्यायची तोंडं दोन्ही कुशींना. एवढंही बघवत नाही?

केवढंसं विमान ते! पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पावणेसात मीटर. ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, प्रत्येकीला ११५ गोळे. घोडा दाबून धरला तर पाच-सहा सेकंदांत खलास. त्यात ग्नॅटच्या तोफा ऐनवेळी अडकायच्या.

१९४८ पासूनच्या करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेलीच नव्हती. १९७१ चं युद्ध पेटल्यावर १८ स्क्वाड्रनची ग्नॅट तिथे गेली. ना डोंगर ओळखीचे, ना ती हाडं गोठवणारी थंडी.

१४ डिसेंबरच्या त्या सकाळी पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं आली. जोडीतलं पहिलं ग्नॅट उडालं, मागे धुरळ्याचा लोट उठला आणि सेखोंना थांबावं लागलं. पुढची धावपट्टी दिसेना, आणि डोक्यावर शत्रू. उड्डाण करताना विमानाला ना वेग असतो ना उंची, चाकं खाली, वळायचीही सोय नाही. ते थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. धुरळा जरा बसला आणि ते निघाले.

आणि हो, 'दोन सेबर पाडली' हे कुठून आणता? परमवीर चक्राच्या मानपत्रात दोन विमानांचं नुकसान केलं एवढंच आहे. झाडांच्या उंचीवर, सहा जणांच्या घोळक्यात शिरून! त्याला वरून फोडणी कशाला हवी?

फॉरवर्डमुळे पोरांना नाव तरी कळतं, मान्य.

पण त्या धुरळ्यापाशी मन अडकतं. इंजिन चालू, हात थ्रॉटलवर, आणि समोर काही दिसत नाही. सेखों सगळ्यांना 'ब्रदर' म्हणायचे, म्हणून सगळे त्यांनाच ब्रदर म्हणायचे. वडीलही वायुदलातलेच. वायुदलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र या माणसाचं. त्याच झुंजीत ते गेले. विमानाचे अवशेष मिळाले, पण लुधियानाजवळच्या त्यांच्या गावी, इसेवालला, देह काही आला नाही. निदान विमान तरी त्यांचंच दाखवा.