मांडी, सीट आणि ताशी १२०चा वेग

तान्ह्या बाळाला घेऊन मोटारीने लांबचा प्रवास करावा का, आणि करायचाच असेल तर बाळाला त्याच्या स्वतंत्र सीटमध्ये बांधावे की आजीच्या मांडीवर द्यावे, हा वाद महाराष्ट्रातल्या घराघरांत अधूनमधून पेटतो आणि आम्हा परदेशस्थांपर्यंत न चुकता पोचतो. एक बाजू म्हणते, की पोर रडून रडून अर्धे होते, त्यापेक्षा घरच्या माणसाने घट्ट धरलेले काय वाईट, आणि आपण सगळे असेच तर लहानाचे मोठे झालो. दुसरी बाजू कायदा दाखवते. आम्ही बाहेर राहणारे बहुधा तिच्याकडूनच बोलतो आणि ‘आमच्याकडे हे चालत नाही’ असे वर ऐकवतो. मी जर्मनीत राहते आणि माझे मत या दुसऱ्या बाजूचेच आहे; मात्र तिचा नेहमीचा सूर मला खटकतो, कारण इथल्या आईबापांना लेकरांची काळजी जास्त आहे म्हणून इथे सीट वापरली जाते, असे त्यात गृहीत धरलेले असते.

सीटच्या बाजूचे खरे कारण मायेचे नसून वेगाचे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भक्कम अडथळ्यावर आदळते तेव्हा न बांधलेल्या माणसाला बसणारा आघात साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडण्याइतका असतो. त्या एका क्षणात दहा किलोचे बाळ हातात धरून ठेवायचे तर शंभराहून अधिक किलोंचा ओढा पेलावा लागतो, आणि तो कोणत्याही आजीला, आईला किंवा कसलेल्या पैलवानालाही पेलणारा नाही. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ‘आम्ही नाही का वाढलो’ म्हणणारी पिढी ज्या गाड्यांतून घाट चढत होती, त्या गाड्यांना साठचा वेग गाठतानाच धाप लागत असे. आज ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२०ची मुभा आहे. रस्ता बदलला, गाडी बदलली, बाळाची जागा मात्र तीच राहिली.

बाळाला मागे तोंड करून बसवण्यामागेही असेच साधे कारण आहे. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मान अजून कोवळी असते. समोरून धडक बसली तर पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे डोके मानेला हिसडा देऊन पुढे फेकले जाते, तर मागे तोंड असल्यास तोच धक्का सीटची पाठ पेलते आणि तो सगळ्या अंगावर विभागला जातो. म्हणूनच युरोपात सीटचे जे नवे मानक लागू आहे, त्यात पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड करून बसवणे बंधनकारक आहे.

आता जर्मनीविषयी. सीटबेल्ट लावण्याची सक्ती १९७६ साली झाली, तेव्हा इथेही ‘आम्हाला गाडीला जखडून ठेवणार का’ अशी ओरड झाली होती, आणि दंड नसल्यामुळे पुष्कळांनी तो कायदा मनावर घेतला नाही. १९८४ मध्ये दंड सुरू झाला आणि बेल्ट लावणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. मुलांसाठीची सीट तर १९९३ मध्ये सक्तीची झाली. त्याआधीची इथली मुले गाडीच्या मागच्या बाकावर खुशाल लोळत प्रवास करीत असत. आज बारा वर्षांखालील आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीटशिवाय नेता येत नाही. मूल अजिबात न बांधता नेले तर ६० युरो दंड होतो आणि चालकाच्या नावावर एक दोषगुण चढतो. असे गुण साठले तर परवाना जातो, म्हणून पैशापेक्षा लोक त्या गुणालाच जास्त वचकून असतात.

पण दंडाने फक्त सीट विकत घेतली जाते. मूल तिच्यात सहा-सात तास कसे काढणार, हा प्रश्न उरतोच, आणि तो वरवरचा नाही. लहान बाळ अशा सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त बसू नये, अगदी नवजात असेल तर त्याहून बरेच कमी, असा सल्ला इथे सर्रास दिला जातो, कारण हनुवटी छातीला टेकून श्वास अडखळण्याचा धोका असतो. मग प्रवासाचा हिशेब किलोमीटरवर न राहता बाळाच्या झोपेवर येतो. पहाटे अंधारात निघायचे म्हणजे पहिला मोठा पल्ला झोपेत पार पडतो. हिवाळ्यात जाडजूड जाकीट काढूनच बाळाला बसवायचे, कारण त्या फुगीर कपड्याखाली पट्टा घट्ट वाटतो पण असतो सैल. खांद्यावरच्या पट्ट्याची घडी चिमटीत धरता आली तर तो आणखी ओढायचा, आणि पांघरूण घालायचे ते पट्ट्यांवरून. एवढे सगळे केल्यावरही मूल पाऊण तासाने पाठीची कमान करून असे काही किंचाळते, की पुढचा फाटा येईपर्यंतची दहा मिनिटे गाडीतल्या प्रत्येकाचा अंत पाहतात. अशा वेळी त्याला काढून कडेवर घेण्याचा मोह जर्मन आईलाही होतो. तिला आवर घालायला कायदा आहेच, पण त्याहून मोठा आधार म्हणजे थोड्या अंतरावर थांबा आहे ही खात्री. या थांब्यांपैकी मोठ्या ठिकाणी डायपर बदलायला टेबल असते, दूध कोमट करून मिळते, आणि पुष्कळदा बाहेर एक घसरगुंडी असते, जिच्यावर वीस मिनिटे काढली की पुढचा दीड तास मार्गी लागतो.

आता हेच चित्र गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीशी ताडून पाहावे. पाच जणांच्या गाडीत सहा मोठी माणसे, शिवाय बाळ, डिकीत सामान आणि वर मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचे चौपदरीकरण सुरू होऊन दशक उलटून गेले आहे. तिथे बाळाची सीट लावणे म्हणजे एका मोठ्या माणसाला गाडीतून उतरवणे, आणि ते माणूस बहुधा आजी किंवा आत्या असते. सीटला होणारा विरोध वरवर मायेचा दिसला तरी मुळात तो जागेचा आहे, असे मला वाटते. पैशाचाही आहे, कारण चांगल्या सीटची किंमत सहज पाच आकड्यांत जाते आणि मूल वाढले की ती बदलावी लागते. शिवाय ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही आणि जे भाड्याच्या गाडीने जातात, त्यांच्या वाट्याला सीट येण्याची शक्यता फारच थोडी.

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल बेल्ट किंवा बालसीटशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागे बसणाऱ्यांच्या बेल्टवर देशभर चर्चा झाली. त्याच वर्षीच्या सरकारी आकडेवारीत बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ माणसे दगावल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी निम्मी चालक नसून प्रवासी होती. मुलांचा विषय मात्र त्या चर्चेत मागेच पडला. केरळमध्ये २०२४ साली पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेली दोन वर्षांची मुलगी एअरबॅग उघडल्याने दगावली. परिवहन खात्याने बालसीटची टप्प्याटप्प्याने सक्ती जाहीर केली, आणि थोड्याच दिवसांत मंत्र्यांनी ती मागे घेतली. त्या माघारीवर हसणे सोपे आहे. परंतु बाजारात परवडणारी सीट आणि भाड्याच्या गाडीत सोय नसताना केलेली सक्ती चौकात उभ्या असलेल्या हवालदारालाही लावता येत नाही.

आम्हा परदेशस्थांनी थोडे सबुरीने बोलावे, याला आणखी एक कारण आहे. जर्मनीत सुपरमार्केटपर्यंतही सीटशिवाय न जाणारी आमची कुटुंबे मुंबईच्या विमानतळावर उतरली, की बाळ मांडीवर घेऊन भाड्याच्या गाडीत बसतात आणि थेट नाशिक किंवा कोल्हापूर गाठतात. बहुतेक विमान कंपन्या बाळाची सीट फुकट नेऊ देतात. तरी ती घरीच राहते, कारण तिचे ओझे होते आणि ‘तिकडे कोण विचारतो’. म्हणजे तीच माणसे एका देशात सीट लावतात आणि दुसऱ्यात लावत नाहीत. यात संस्कृतीचा भाग किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझ्या मते महाराष्ट्राने सुरुवात करायची तर पुढच्या सीटपासून करावी. बाळाला मांडीवर घेऊन पुढे, म्हणजे एअरबॅगच्या अगदी तोंडाशी बसणे ही सगळ्यांत घातक पद्धत आहे. ती बंद करायला कोणाला एक रुपयाही खर्च येत नाही, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बसवलेल्या कॅमेऱ्यांना समोरच्या काचेतून तेवढे तरी दिसतेच. दंडाची पावती त्या एका गोष्टीसाठी नेमाने घरी येऊ लागली तर मूल निदान मागच्या सीटवर जाईल. त्यानंतर विमानतळावरून आणि मोठ्या स्थानकांवरून सुटणाऱ्या टॅक्सींपैकी काहींत तरी मागितल्यावर सीट मिळावी, असा नियम करावा, कारण बाळासह लांबचा प्रवास तिथूनच सुरू होतो. स्वतःच्या गाडीतल्या सक्तीची पाळी त्यानंतरची. आणि गणपतीच्या गाडीत जागा उरत नसेल तर आजीचे कोकण रेल्वेचे तिकीट दोन महिने आधी, आरक्षण खुलताच काढावे लागेल, हे गृहीत धरूनच बेत आखावा. ते तिकीट मिळणे सीट मिळण्याहून अवघड आहे, हे मलाही ठाऊक आहे.