दोष आधी लिहा, किंमत नंतर

जुन्या सामानाच्या फेसबुक ग्रुपवर एक भांडण ठरलेलं आहे. कुणीतरी एखादी वस्तू दोन हजारांना विकतो. काही दिवसांनी तीच वस्तू त्याला त्याच ग्रुपवर साडेचार हजारांना दिसते. मग कमेंटमध्ये ‘दलाल’, ‘लुटारू’, ‘गरजवंताचा गैरफायदा’ सुरू होतं आणि शेवटी कुणीतरी ॲडमिनला टॅग करून लिहितं, ‘या रीसेलर लोकांना ग्रुपमधून काढा.’ मी जुनी शिलाई मशिनं विकत घेते, दुरुस्त करते आणि विकते. म्हणजे ज्यांना काढायचं म्हणतात त्यांतलीच एक. म्हणून एकदा नीट लिहिते.

कमी भावात घेऊन जास्त भावात विकण्यात मला काहीही गैर वाटत नाही. गैर आहे ते माहिती दडवणं, आणि ती घेतानाही दडवली जाते, विकतानाही. हा फरक आपण करत नाही. त्यामुळे खपून काम करणारा शिव्या खातो आणि रंग मारून मशीन खपवणारा मजेत राहतो.

त्या दोन हजार आणि साडेचार हजारांच्या मध्ये काय होतं, ते आधी सांगते. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी भागातल्या जुन्या सोसायट्या धडाधड रीडेव्हलपमेंटला जात आहेत. घर रिकामं करायची तारीख जवळ आली की मार्केटप्लेसवर ‘अर्जंट सेल’ लिहून कपाटं, दिवाण आणि आईचं किंवा सासूबाईंचं पायमशीन येतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून ओतीव लोखंडाचा स्टँड उतरवायचा तर दोन माणसं लागतात, खाली टेम्पो लागतो. घरी आणल्यावर कळतं की चाक हलतच नाही. दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं: मशीनच्या तेलाऐवजी कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल तेल घातलेलं असतं. ते सुकून आत डिंकासारखं चिकटतं. मग रॉकेलने एकेक जागा धुवायची, वाट बघायची, चाक थोडं पुढे-मागे करायचं. घाई करून जोर लावला तर आतला एखादा भाग कायमचा जातो. मोकळं झालं की खालचा धागा घेऊन फिरणारं शटल काढून त्यावर ओरखडा आहे का ते बोटाने चाचपायचं. कापड पुढे सरकवणारे दात झिजलेत का ते पाहायचं. धाग्याचा ताण राखणारी टेन्शनची स्प्रिंग आणि पट्टा बदलायचा. नंतर सुती कापड, पातळ जॉर्जेट आणि जीन्सची दुहेरी घडी, तिन्हीवर शिवून टाका वरून आणि खालून सारखा पडतोय का ते बघायचं. लुधियानात शिलाई मशीन आणि त्यांच्या सुट्या भागांचे इतके कारखाने आहेत की जुन्या काळ्या मशीनचे बहुतेक भाग आजही मिळतात. पण नेमका कुठला भाग गेलाय ते ओळखायला यावं लागतं. त्याची मजुरी मी घेते आणि त्याबद्दल मला कुणाचीही माफी मागायची नाही.

आपल्याकडे हा व्यवहार नवाही नाही. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण, सगळे एकाकडची नकोशी वस्तू दुसऱ्याच्या गरजेपर्यंत नेत आले आहेत. बोहारणीने घेतलेल्या साड्या धुऊन, शिवून, इस्त्री करून पुढे विकल्या जातात. तिला कुणी लुटारू म्हणत नाही. फरक एवढाच की तिची पुढची किंमत आपल्याला दिसत नव्हती आणि ऑनलाइन ती दिसते.

आता जे मला खरोखर खुपतं ते.

विक्रीला आलेल्या मशिनांत एक प्रकार हटकून असतो: काळा चकचकीत स्प्रे, त्यावर नवंकोरं सोनेरी स्टिकर, सिंगर किंवा उषाचं. आत झिजलेलं, ओरखडे पडलेलं शटल तसंच. फोटो छान येतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘एकदम ओके कंडिशन’. हे घेतं कोण? आठवड्याच्या भिशीतून पैसे साठवून ब्लाउज आणि पिको-फॉलची कामं सुरू करू पाहणारी बाई. नवं काळं मशीन स्टँडसकट घ्यायला तिच्याकडे दोन-तीन हजार कमी पडतात, म्हणून ती जुन्याकडे येते. घरी नेल्यावर दर चार टाक्यांनी धागा तुटतो. तिला वाटतं आपलाच हात बसलेला नाही. ऐन लग्नसराईत कुणाचा तरी पैठणीवरचा ब्लाउज बिघडतो आणि शेजारपाजारचं मिळू लागलेलं काम थांबतं. विकणाऱ्याने दडवलेल्या एका ओरखड्याची किंमत तिने अशी मोजलेली असते. विकणाऱ्याने तिचा नंबर तोवर ब्लॉक केलेला असतो.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल एक निबंध लिहिला. त्याचं सार असं: गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. फसण्याच्या भीतीने घेणारा प्रत्येक गाडीला कमीच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब उरतात. त्यांना २००१ साली नोबेल मिळालं, ते बाजारातल्या अशाच असमान माहितीवरच्या कामासाठी, आणखी दोघांसोबत. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण हे रोज इनबॉक्समध्ये बघते. मशीनबद्दल एकही प्रश्न न विचारता ‘लास्ट किती?’ असा मेसेज येतो. लोकांना त्याचा राग येतो, मला येत नाही. समोरच्याने गृहीत धरलेलं असतं की मी काहीतरी दडवते आहे, आणि त्याचा विमा म्हणून तो हजार रुपये कमी करून मागतो. दहा जणांनी फसवल्याची शिक्षा अकराव्याला होते.

आता दुसरी बाजू, जिच्यावर आम्ही विकणारे सहसा बोलत नाही. घेताना आम्ही काय दडवतो?

एखाद्या आजोबांनी फोटो टाकून पाचशे रुपये लिहिलेले असतात. मशीन उत्तम चालू असतं. त्यांना भाव माहीत नाही, मला माहीत आहे. या धंद्यातली बरीच मंडळी म्हणतात की ज्ञान हेच भांडवल, ते फुकट का वाटायचं? अर्धं मला पटतं. माझ्याकडे जे कसब आहे ते शिकवत बसायला मी बांधील नाही. पण तिथे जाऊन, चाक फिरवून, तोंड वाकडं करून ‘काका, भंगारच आहे हो, किलोवर जाईल’ असं म्हणायचं आणि पाचशेचे तीनशे करायचे, हे भांडवल नाही, खोटं आहे. ‘अहो, हे चालू आहे. मी याचे दीड हजार देते, काम करून साडेतीनला विकेन,’ असं मी सरळ सांगते. काही जण त्यावर विचार बदलतात आणि स्वतःच विकायचं ठरवतात. त्यांचा हक्क आहे तो. बाकीचे मशीन देतात, वर चहा पाजतात, आणि पुढच्या बिल्डिंगमधल्या मावशींचा नंबर देतात. माझ्याकडे येणारी निम्मीअधिक मशिनं आता अशीच तोंडी येतात.

खोट्या माहितीचा उलटा प्रकारही आहे. ‘आमचं सिंगर ब्रिटिशांच्या काळातलं आहे, लाखाच्या खाली देणार नाही,’ असं सांगणारे भेटतात. जुन्या सिंगर मशीनच्या तळपट्टीवर जो नंबर ठोकलेला असतो, त्यावरून ते कुठल्या कारखान्यात आणि साधारण कुठल्या साली बनलं ते काढता येतं. स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा सिंगरचा अवाढव्य कारखाना १९८० साली बंद झाला, पण त्याआधी त्याने जगभर कोट्यवधी मशिनं पाठवली होती. म्हणूनच ती दुर्मीळ नाहीत. जुनं आहे म्हणजे महाग आहे असं होत नाही. २००९ साली सौदी अरेबियात अफवा उठली की सिंगरच्या जुन्या मशीनमध्ये ‘रेड मर्क्युरी’ नावाचा अमूल्य पदार्थ असतो, आणि लोकांनी साध्या मशिनांना अव्वाच्या सव्वा भाव दिले. आपल्याकडे जुन्या टीव्ही-रेडिओबद्दल याच पदार्थाचे व्हिडिओ फिरले. जुन्या नाण्या-नोटांना लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओही तसेच. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं की ती असल्या व्यवहारात नाही, कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि तिचं नाव वापरून पैसे मागणाऱ्यांना भुलू नका. हे व्हिडिओ बनवणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो, कारण त्यांच्या नादी लागून चांगलं चालतं मशीन माळ्यावर गंजत पडतं, आणि एखादीला त्यावर आज चार पैसे मिळाले असते.

तसाच राग स्टँड वेगळा करून विकणाऱ्यांचा. हल्ली कॅफेवाल्यांना आणि इंटिरिअरवाल्यांना टेबलासाठी ते नक्षीदार लोखंडी पाय हवे असतात. चांगल्या चालू मशीनचा स्टँड काढून तो वेगळा विकायचा आणि वरचं मशीन भंगारात घालायचं, असं सर्रास चालतं. आत काहीच उरलं नसेल तर जरूर करा टेबल. पण ज्या मशीनवर एक घर चालू शकतं त्याचे पाय तोडू नका. स्टँडला मिळणारा जास्तीचा भाव मलाही दिसतो. मी तो घेत नाही.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण बहुतेकांना हे ऐकून माहीत आहे, तरी रोज कुणीतरी अडकतं. वस्तू न बघता, भाव न करता लगेच ‘घेतो’ म्हणणारा, स्वतःला लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे सांगणारा, ओळखपत्राचा फोटो पाठवणारा, आणि मग ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा माणूस चोर आहे. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कधीच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशाची मागणी पाठवायची सोय बंद झाली, हे बरं झालं, पण क्यूआरचा सापळा तसाच आहे. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जुना मोबाईल घेणार असाल तर आधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, बघा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो काळ्या यादीत नाही ना ते तपासा.

या सगळ्यात ज्या कंपन्यांच्या ॲपवर हा बाजार भरतो, त्यांच्याकडून माझी एक मागणी आहे. जाहिरात टाकताना किंमत, ठिकाण आणि फोटो सक्तीचे असतात. ‘यात काय बिघाड आहे’ हा रकानाही सक्तीचा करा. ईबेवर विकणाऱ्याला शेरे देण्याची पद्धत १९९६ पासून आहे, पण तिथे व्यवहार त्यांच्याच साइटवर पूर्ण होतो. आपल्याकडे ॲपवर फक्त ओळख होते. पैसे आणि वस्तू जिन्यात हातोहात जातात. मग शेरा कोण लिहिणार आणि कशावर? निदान बिघाड लेखी असेल तर घेणाऱ्याच्या हातात स्क्रीनशॉट तरी राहील.

तो रकाना येईपर्यंत मी माझ्या जाहिरातीत स्वतःच लिहिते. परवाची जाहिरात जशीच्या तशी देते:

‘काळं पायमशीन, स्टँडसकट. रंग मूळचा, उजव्या बाजूला पोपडे गेलेले आहेत. लाकडी फळीला मागे चीर आहे, वापरायला अडचण नाही. शटल आणि पट्टा नवा. दात मूळचे, थोडे झिजलेले. सुती, पॉपलीन, जीन्स नीट सरकतं, सॅटिनला हाताने हलकं ओढावं लागतं. मोटर नाही. मी दोन हजारांना घेतलं, सामान आणि टेम्पो धरून नऊशे खर्च, बाकी माझी मेहनत. किंमत चार हजार दोनशे. येताना स्वतःचं कापड आणि धागा आणा, मनाजोगतं शिवून बघा, मगच पैसे द्या.’

अशा जाहिरातीला फोन कमी येतात, हे खरं आहे. पण जे येतात ते ‘लास्ट किती?’ विचारत नाहीत. ते विचारतात, सॅटिनचं काम जास्त असेल तर दात बदलून किती होतील. मग मी दातांची किंमत सांगते आणि बदलायला किती वेळ लागेल तेही. हे मशीन गेलं ते हडपसरच्या एका ताईंकडे. त्यांनी दात बदलून घेतले, त्याचे वेगळे पैसे दिले, आणि बॉबिनमध्ये धागा कसा भरायचा ते आपल्या मुलीला माझ्यासमोरच शिकवून गेल्या.

तुमच्या घरात किंवा नात्यात कुणाचं पायमशीन पडून असेल आणि घर रिकामं करायचं असेल, तर ते भंगारवाल्याला देण्याआधी चाकाच्या बाजूचा, सुईखालच्या पट्टीचा आणि शटलचा जवळून घेतलेला असे तीन फोटो कमेंटमध्ये टाका. चालू आहे का, अंदाजे किती यायला हवेत, ते मी सांगते. मला विकलं नाहीत तरी चालेल.